सीएनसी टर्निंगचे पार्ट पहिल्यांदा करून घेताय? ड्रॉइंगपासून तपासणीपर्यंतची वाट

यंत्रासाठी एक शाफ्ट, एक बुश किंवा एक स्पेसर हवा असतो. तयार मिळत नाही, म्हणून तो करून घ्यायचं ठरतं. आपण एक रेखाटन आणि चार मापं पाठवतो, आणि वर्कशॉपकडून उलट प्रश्नांची रांग लागते. मटेरियलचा ग्रेड कुठला? टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती? थ्रेडचा (आट्यांचा) क्लास? प्लेटिंगच्या आधीचं माप की नंतरचं? नवख्या माणसाला वाटतं, हे सगळं त्यांनाच कळायला हवं. पण त्यांना ते कळू शकत नाही, कारण हा भाग कुठे बसणार आणि काय काम करणार हे फक्त तुम्हालाच माहीत आहे.

माझ्या उपकरणांसाठी असे धातूचे आणि प्लास्टिकचे भाग मी बरीच वर्षं बाहेरून करून घेतोय. त्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे: कुठलं माप कशासाठी आहे हे तुम्हाला स्पष्ट असलं, तर पैसे, वेळ आणि दर्जा तिन्ही आटोक्यात राहतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच दिशेने जातात.

१. हा भाग टर्निंगचाच आहे ना, ते बघा

टर्निंगमध्ये जॉब (कापायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरून फिरवतात आणि टूल सरकत सरकत त्यावरचं मटेरियल काढतं. त्यामुळे एका अक्षाभोवती गोल असलेलं सगळं यात उत्तम होतं: बाहेरचे व्यास, आतलं बोअर (भोक), टेपर (उतार), ग्रूव्ह (खाच), थ्रेड. आडवं भोक, चावीची खाच, स्पॅनरसाठी सपाट बाजू असं काही असेल तर दोन रस्ते आहेत. लाइव्ह टूल (स्वतः फिरणारं टूल) असलेल्या टर्न-मिल मशीनवर ते त्याच पकडीत होतं; नाहीतर जॉब काढून मिलिंगला न्यावा लागतो. दुसऱ्या रस्त्यात सेटिंग वाढतं, आणि भोक अक्षाच्या बरोबर मधोमध येईल याची जबाबदारी दुसऱ्या मशीनवर जाते.

लांबी आणि व्यासाचं गुणोत्तरही पाहा. चकबाहेर निघालेली लांबी व्यासाच्या तीन-चार पटींपुढे गेली की टूलच्या दाबाने जॉब वाकायला लागतो आणि टेलस्टॉकचा (दुसऱ्या टोकाचा) आधार लागतो. दहा पटींपुढे स्टेडी (मधला आधार) तरी लागते, नाहीतर काम स्लायडिंग हेड मशीनवर न्यावं लागतं. या मशीनमध्ये बार (लांब सळई) गाइड बुशमधून पुढे सरकतो आणि कटिंग बुशच्या अगदी तोंडाशी होतं, त्यामुळे वाकायला जागाच राहत नाही. बारीक, लांब पिना आणि शाफ्ट असतील तर हे मशीन असलेलाच पुरवठादार शोधा.

२. मापांचे तीन गट करा

कोटेशन मागण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. ड्रॉइंगची प्रिंट काढा आणि प्रत्येक मापापुढे खूण करा: हे माप दुसऱ्या भागात फिट बसतं, हे नुसतं कुठे अडायला नको, हे थोडं इकडेतिकडे झालं तरी कुणाचं काही बिघडत नाही. बहुतेक भागांत पहिल्या गटात दोन-चार मापंच निघतात.

तिसऱ्या गटासाठी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक ओळ पुरते: «न दिलेली टॉलरन्स आयएसओ २७६८ मीडियमप्रमाणे». त्यात ६ ते ३० मिमीच्या मापाला ±०.२ आणि ३० ते १२० मिमीच्या मापाला ±०.३ मिमी मुभा मिळते. टर्निंगला ही मुभा भरपूर आहे.

पहिल्या गटासाठी मात्र फिट, म्हणजे दोन भागांत किती फट किंवा घट्टपणा हवा ते, ठरवावंच लागतं. समजा २० मिमीचा शाफ्ट बुशमध्ये सहज फिरायला हवा, पण डुगडुगायला नको. बुशला एच७ (कॅपिटल एच; हा टॉलरन्सचा ठरलेला कोड आहे) दिलंत तर बोअर २०.००० ते २०.०२१ यांच्यामध्ये येईल. शाफ्टला जी६ (स्मॉल जी) दिलंत तर तो १९.९८० ते १९.९९३ असेल. म्हणजे दोघांमधली फट कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही वजाबाकी स्वतः करून बघा आणि मग विचारा: एवढी फट माझ्या कामाला चालेल का? चालणार असेल तर आणखी घट्ट टॉलरन्स देऊ नका.

घट्ट टॉलरन्सचे पैसे का पडतात हेही समजून घ्यायला हवं. ±०.०५ मिमी हे चांगल्या सीएनसी लेथला रोजचं काम. ±०.०१ वर आलात की ऑपरेटरला इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या टोकाची) झीज पाहून वारंवार ऑफसेट (मापाची दुरुस्ती) द्यावा लागतो, मशीन गरम होऊन स्थिर व्हायची वाट पाहावी लागते, प्रत्येक जॉब मायक्रोमीटरने तपासावा लागतो. त्याच्याही खाली गेलात तर बऱ्याचदा टर्निंगनंतर ग्राइंडिंग येतं, म्हणजे वेगळं मशीन आणि वेगळं सेटिंग. म्हणूनच «सुरक्षित राहावं» म्हणून सगळ्या मापांना ±०.०१ देणं हा नवख्यांचा सगळ्यात महागडा सापळा आहे. शिवाय सगळंच महत्त्वाचं म्हणून लिहिलं, की खरंच महत्त्वाचं काय ते समोरच्याला दिसत नाही.

दुसरा सापळा साखळी मापांचा. एकापुढे एक असे २० मिमीचे पाच टप्पे प्रत्येकी ±०.१ ने दिले, तर एकूण लांबीत ±०.५ पर्यंत फरक पडू शकतो. त्यापेक्षा एक फेस आधार धरा आणि सगळ्या लांब्या तिथूनच द्या.

तिसरी गोष्ट, दोन व्यास एकमेकांशी किती सरळ रेषेत हवेत. एकाच पकडीत कापलेले व्यास जवळजवळ आपोआप एका अक्षावर येतात. जॉब उलटा धरला की चकची चूक त्यात मिसळते. साध्या तीन जॉच्या (पकडणाऱ्या दातांच्या) चकमध्ये ती काही शतांश मिलिमीटर असू शकते. सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जॉ) जागेवरच बोअर करून घेतले तर ती पुष्कळ कमी होते, पण त्यासाठी वर्कशॉपला आधी कळायला हवं. म्हणून बेअरिंगच्या दोन सीट, किंवा बोअर आणि बाहेरचा व्यास, असं जे जुळायला हवं तिथे रनआउट, म्हणजे फिरताना पृष्ठभाग किती हलला तर चालेल ते, लिहा. कॉन्सेंट्रिसिटीपेक्षा (मध्य जुळण्याच्या अटीपेक्षा) रनआउट बरा, कारण जॉब फिरवून डायलने तो लगेच मोजता येतो. एएसएमई वाय१४.५ या अमेरिकी ड्रॉइंग-मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतून कॉन्सेंट्रिसिटी काढूनच टाकली आहे.

३. ड्रॉइंगमध्ये लेथची भाषा बोला

थ्रीडी मॉडेल स्टेप फॉरमॅटमध्ये द्या आणि सोबत टूडी ड्रॉइंग पीडीएफमध्ये द्याच. मॉडेलमध्ये आकार असतो. पण टॉलरन्स, थ्रेड आणि फिनिश बहुतेक वेळा ड्रॉइंगमध्येच असतं. एसटीएल फाइल टर्निंगसाठी पाठवू नका. तिच्यात गोल पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांचा बनलेला असतो आणि खरा व्यास हाती लागत नाही.

मॉडेलमध्ये चटकन काढता येतात पण लेथवर अडतात अशा जागा:

- आतला काटकोनी कोपरा. इन्सर्टच्या टोकाला ०.४ किंवा ०.८ मिमी अशी गोलाई असते, म्हणून शोल्डरच्या (व्यास बदलतो त्या पायरीच्या) मुळाशी तेवढा रेडियस राहतोच. बेअरिंग शोल्डरला टेकवायचं असेल तर रेडियस बेअरिंगच्या कोपऱ्यापेक्षा लहान ठेवा किंवा अंडरकट (कोपऱ्यात छोटी खाच) द्या. नाहीतर बेअरिंग रेडियसवर चढतं आणि तिरकं बसतं.
- शोल्डरला अगदी चिकटून संपणारे थ्रेड. टूलला बाहेर पडायला जागा हवी, म्हणून रिलीफ ग्रूव्ह द्या. नट शोल्डरला टेकायला हवा असेल तर हा ग्रूव्ह लागतोच.
- बंद भोक. ड्रिलच्या टोकाचा कोन बहुधा ११८ अंशांचा असतो, म्हणून तळाशी शंकू राहतो. सपाट तळ हवा असेल तर तसं लिहा. नको असेल तर शंकू चालेल असं लिहा. टॅप करायचं असेल तर भोक थ्रेडपेक्षा खोल हवं.
- खोल, अरुंद बोअर. स्टीलचा बोअरिंग बार त्याच्या व्यासाच्या चार पटींपेक्षा जास्त बाहेर काढला की थरथरतो आणि बोअरमध्ये लाटा उमटतात.
- कापून वेगळा केलेला फेस. पार्टिंगनंतर मधोमध बारीक टोक राहू शकतं. तो फेस दिसणारा किंवा टेकणारा असेल तर «टोक नको» असं स्पष्ट सांगा.

थ्रेड पूर्ण लिहा: नुसतं एम१० नाही, तर एम१०×१.५-६जी (व्यास १०, पिच १.५, क्लास ६जी), आणि थ्रेडची लांबीही. धारांसाठी «सर्व धारा बरमुक्त, ०.२ ते ०.५ चॅम्फर» ही ओळ घाला (बर म्हणजे कापताना राहणारी टोचरी कड, चॅम्फर म्हणजे धारेवरचा तिरका काप). प्रोजेक्शनचं चिन्ह विसरू नका. फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगलमध्ये बाजूचं दृश्य उलट्या बाजूला येतं. एखादी सपाट बाजू किंवा आडवं भोक भलत्याच बाजूला पडायला एवढंच कारण पुरतं.

फिनिशबद्दल थोडं गणित. टर्निंगमध्ये टूलच्या टोकाचे बारीक चरे उमटतात, आणि आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं माप) साधारणपणे फीडचा वर्ग भागिले टोकाच्या रेडियसची ३२ पट इतका येतो. फेरीला ०.२ मिमी फीड आणि ०.८ चा इन्सर्ट असेल तर सुमारे १.६ मायक्रॉन. फीड निम्मा केला तर हिशेबाने ०.४ येतो, पण त्या पासला वेळ दुप्पट लागतो. म्हणून सगळीकडे ३.२ ठेवा, फिटिंगच्या व्यासाला १.६, आणि सील जिथे घासत फिरतं तिथेच ०.४ च्या आसपास मागा.

४. धातू निवडताना ग्रेड लिहा

«एसएस» किंवा «स्टील» एवढंच लिहिलेलं ड्रॉइंग म्हणजे निवड समोरच्यावर सोडणं. स्टेनलेसमध्ये ३०३ छान कापलं जातं कारण त्यात गंधक जास्त असतं, पण त्याच गंधकामुळे वेल्डिंगला ते चांगलं नाही आणि गंजाला ३०४ पेक्षा कमी टिकतं. ३०४ कापताना पृष्ठभाग कडक होत जातो, त्यामुळे वेळ जास्त जातो. खाऱ्या हवेत किंवा पाण्यात वापरायचं असेल तर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घ्या. साध्या स्टीलमध्ये ईएन१ए ची चिप तुटून पडते आणि काम झपाझप होतं. ताकद हवी असेल तर ईएन८. अॅल्युमिनियममध्ये ६०६१ किंवा ६०८२ ने बहुतेक कामं निभतात. पितळ कापायला सगळ्यात सोपं, पण सहज कापल्या जाणाऱ्या पितळेत शिसं असतं. पिण्याच्या पाण्याशी किंवा अन्नाशी संबंध येत असेल तर लागू नियम आधी तपासा.

बारचं मापही विचारा. तुमचा सगळ्यात मोठा व्यास ३० मिमी असेल आणि तो स्वच्छ कापलेला हवा असेल, तर ३० चा बार चालत नाही, वरचा घ्यावा लागतो. हाच व्यास २९.५ चालणार असेल, किंवा ब्राइट बारचा मूळ पृष्ठभाग तसाच ठेवायला हरकत नसेल, तर ते आवर्जून सांगा. मटेरियल आणि मशीनचा वेळ दोन्ही वाचतात.

५. प्लास्टिकला धातूचे नियम लावू नका

या पायरीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. प्लास्टिक मऊ असतं म्हणून सोपं असा समज आहे. कापायला ते सोपं असतं, पण माप टिकवायला फार अवघड.

पहिलं कारण उष्णता. ५० मिमी व्यासाचा अॅसिटल, म्हणजे पीओएमचा भाग १० अंश तापला तर सुमारे ०.०५ मिमी वाढतो. तेवढाच स्टीलचा भाग ०.००६ मिमी. म्हणजे कापून लगेच मोजलेलं माप आणि थंड झाल्यावरचं माप यांतल्या फरकातच तुमची टॉलरन्स संपू शकते. दुसरं कारण ओलावा. नायलॉन ६ पाण्यात पूर्ण मुरलं तर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषतं आणि फुगतं. दमट जागी किंवा पाण्यात चालणाऱ्या बुशसाठी मी नायलॉनऐवजी पीओएमच सुचवेन. ते खूप कमी पाणी घेतं आणि लेथवर सुंदर कापलं जातं. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) तर १९ अंश सेल्सिअसच्या आसपास स्फटिकरूप बदलतं आणि आकारमान एकदम वाढतं, त्यामुळे कुठल्या तापमानाला मोजायचं हे ठरवल्याशिवाय त्यावर बारीक टॉलरन्स देण्यात अर्थ नाही.

तिसरं कारण चकचा दाब. पातळ भिंतीची रिंग तीन जॉमध्ये आवळली की दबते. दबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल कापलं जातं आणि चक सैल केला की रिंग परत उसळून बोअर तीन कोपऱ्यांचं होतं. कोलेट (सगळीकडून सारखी धरणारी पकड) किंवा पूर्ण वेढणारे सॉफ्ट जॉ वापरणार का, हे आधी विचारा. बारमध्ये आतला ताण असतो तो वेगळाच. बरंचसं मटेरियल काढलं की भाग हळूहळू वेडावाकडा होतो. बारीक कामासाठी आधी रफ कापून, काही काळ ठेवून, मग फिनिश करावं लागतं. हे टप्पे कोटेशनमध्ये धरले आहेत का ते पाहा.

पॉलिकार्बोनेट आणि अॅक्रिलिकच्या बाबतीत कूलंटबद्दल जरूर बोला. काही तेलं आणि द्रावकं यांच्यामुळे या पारदर्शक प्लास्टिकला काही दिवसांनी बारीक तडे जातात; भाग हातात येतो तेव्हा तो निर्दोष दिसत असतो. साध्या प्लास्टिकला ±०.१ द्या, अगदी गरजेच्या जागी ±०.०५. त्याहून बारीक हवं असेल तर पीईईके सारखं स्थिर मटेरियल बघा. ते महाग आहे, पण अशा कामाला तेच टिकतं.

६. प्लेटिंग आणि उष्मोपचार: माप आधीचं की नंतरचं?

१० मायक्रॉन झिंक प्लेटिंग म्हणजे व्यासावर २० मायक्रॉन वाढ, आणि ६० अंशांच्या थ्रेडच्या पिच व्यासावर (आट्यांच्या मधल्या व्यासावर) सुमारे ४० मायक्रॉन. नट न जाणं याचं हे नेहमीचं कारण. अॅनोडायझिंगचा थर साधारण अर्धा आत आणि अर्धा बाहेर वाढतो, त्यामुळे ५० मायक्रॉनच्या हार्ड अॅनोडायझिंगने व्यास सुमारे ५० मायक्रॉन वाढतो. ड्रॉइंगवर «मापं प्लेटिंगनंतरची» असं लिहा, आणि जे भोक झाकायचं आहे ते दाखवा. हार्डनिंगमध्ये भाग थोडा वाकतोच. अचूक व्यासावर ग्राइंडिंगसाठी ०.२ ते ०.३ मिमी ठेवून मग हार्डनिंग करणं ही रुळलेली पद्धत आहे.

७. कोटेशन मागताना एवढं सोबत द्या

- टूडी ड्रॉइंग, त्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख
- स्टेप फाइल, तीही त्याच आवृत्तीची
- मटेरियलचा ग्रेड, आणि पर्यायी ग्रेड चालेल का
- नग, आणि पुढे पुन्हा लागणार का
- प्लेटिंग, उष्मोपचार, मार्किंग
- कुठल्या मापांचा तपासणी अहवाल हवा
- मटेरियल सर्टिफिकेट हवं असल्यास त्याचा प्रकार, उदाहरणार्थ ईएन १०२०४ चं ३.१ (उत्पादकाचं तपासणी प्रमाणपत्र)
- भाग कुठे बसतो याचं दोन ओळींत वर्णन

शेवटची नोंद कुणी मागत नाही, पण ती द्याच. «हा व्यास ६००४ बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बसतो» एवढं कळलं तरी अनुभवी टर्नर तुमच्या टॉलरन्समधली विसंगती दाखवून देतो.

दर तीन वेगवेगळ्या नगसंख्यांसाठी मागा. प्रोग्राम, टूल लावणं, जॉ बोअर करणं हा खर्च एका नगाला जेवढा तेवढाच शंभरालाही असतो, म्हणून पहिल्या काही नगांनंतर दर झपाट्याने उतरतो. मग एका ठिकाणी तो जवळजवळ थांबतो. तो टप्पा कळला की किती नग एकदम घ्यायचे हे ठरवणं सोपं जातं.

एकही प्रश्न न विचारता सगळ्यात कमी दर देणाऱ्याकडे मी काम देत नाही. थ्रेडचा क्लास, धारा, रनआउट यांबद्दल विचारणाऱ्याने ड्रॉइंग खरंच वाचलेलं असतं. प्लेटिंग ते स्वतः करतात की बाहेर पाठवतात, आणि बाहेर बिघडलं तर जबाबदारी कुणाची, हेही लेखी घ्या.

८. पहिला नग मंजूर केल्याशिवाय लॉट सुरू करू देऊ नका

ऑर्डरमध्येच लिहा: पहिला नग आणि त्याचा अहवाल मंजूर झाल्यावरच बाकीचे. अहवालात ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक आणि त्यासमोर मोजलेला आकडा हवा. नुसतं «ओके» चालत नाही. आलेला नग प्रत्यक्ष जोडणीत बसवून बघा.

मोजायचं साधन मापाला साजेसं हवं. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या व्हर्निअरने १३ मायक्रॉनची टॉलरन्स तपासता येत नाही. त्याचे आतले जॉ छोट्या भोकात व्यास कमीच दाखवतात, म्हणून बोअरला प्लग गेज किंवा बोअर गेज लागतं. थ्रेडला गो आणि नो-गो गेज (पहिलं जायला हवं, दुसरं जायला नको). हाताशी असलेला नट बसला म्हणजे थ्रेड बरोबर असं नाही. लांबी-रुंदीच्या मापांचं आंतरराष्ट्रीय संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे, म्हणून प्रवासातून आलेला डबा उघडल्या उघडल्या मोजू नका, भाग आणि साधन एका खोलीत काही तास राहू द्या. वाद झालाच तर आधी दोघांची साधनं एकाच नगावर पडताळून बघा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

९. माल आल्यावर आणि पुढच्या ऑर्डरला

पॅकिंग आधी ठरवा: स्टीलला गंजरोधक तेल किंवा कागद, फिनिश केलेले व्यास एकमेकांवर आपटणार नाहीत असे कप्पे. माल आल्यावर सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही नग तपासा, कारण इन्सर्टच्या झिजेने मापं लॉटभर हळूहळू सरकतात. नग बनल्या क्रमाने पाठवायला सांगितलं तर हे सरकणं स्पष्ट दिसतं.

एक मंजूर नग अहवालासह स्वतःकडे ठेवा. पुढच्या वेळी ड्रॉइंगमध्ये काहीही बदललं, अगदी एखादा चॅम्फर जरी, तर आवृत्ती क्रमांक बदला, जुनी फाइल रद्द झाल्याचं लेखी कळवा आणि बदललेल्या मापाभोवती खूण करून पाठवा. मशीनमध्ये साठवलेला जुना प्रोग्राम पुन्हा चालवण्याआधी तो नव्या आवृत्तीशी जुळवला का, याची त्यांच्याकडून लेखी खात्री घ्या.